ब्रह्मपुत्रेवरची क्रूझ, काझीरंगा आणि माजुली : आरामशीर सहल नीट कशी आखावी

क्रूझ हवी तर सिंगापूर, बेट हवं तर मालदीव, सफारी हवी तर केनिया, अशी आपल्याकडे वाटणी ठरलेली आहे. हे तिन्ही एकाच आठवड्यात, एकाच नदीवर आणि पासपोर्टाशिवाय जमतं ते आसामात. ब्रह्मपुत्रेवर मोजक्या केबिनची जहाजं चालतात, वाटेत काझीरंगा लागतं आणि वरच्या अंगाला नदीतलं माजुली बेट. गेल्या काही वर्षांत या भागाचा बोलबालाही वाढलाय. जानेवारी २०२३ मध्ये ‘गंगा विलास’ हे क्रूझ जहाज वाराणसीहून निघालं आणि ५१ दिवसांची म्हणून जाहीर झालेली सफर करून दिब्रुगढला पोचलं. २०२४ मध्ये शिवसागरजवळच्या चराइदेवचे मोइदाम, म्हणजे आहोम राजांच्या समाधीच्या टेकड्या, जागतिक वारसा यादीत गेले. वायकिंग या बड्या क्रूझ कंपनीनेही ८० प्रवाशांचं नवं जहाज २०२७ अखेरीस इथे आणायचं जाहीर केलंय.

मात्र इथे ज्याचे पैसे मोजायचे ते म्हणजे नदी कळणारा सारंग (जहाजाचा चालक), जंगल कळणारा गाइड आणि हाताशी रिकामा वेळ. खोलीतल्या संगमरवरासाठी खर्च करायचा असेल तर दुबई बरी. पुढचं सगळं याच हिशेबाने लिहिलंय.

आधी महिना ठरवा, मग बाकीचं

इथलं सगळं पाण्याच्या पातळीवर चालतं. पावसाळ्यात काझीरंगाचा मोठा भाग पाण्याखाली जातो आणि साधारण मे ते ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत सफारी बंद असते. जहाजांचा हंगामही ऑक्टोबर ते एप्रिल. म्हणजे आपल्याकडच्या शाळांची मे महिन्याची सुट्टी इथे कामाची नाही. मुलं बरोबर असतील तर दिवाळी किंवा नाताळ, एवढेच दोन पर्याय.

दिवाळीनंतरचा पंधरवडा मला स्वतःला फार आवडतो. पाऊस नुकताच ओसरलेला असतो, नदीला बऱ्यापैकी पाणी असतं, आकाश धुतल्यासारखं. त्रिपुरी पौर्णिमेच्या सुमारास माजुलीत रास असतो, गावोगाव रात्रभर कृष्णलीलेचे प्रयोग चालतात. अडचण एकच, काझीरंगातलं गवत तेव्हा हत्ती बुडेल इतकं उंच असतं. गेंडे दिसतात, कारण ते मोकळ्यावर चरायला येतात. वाघाची आशा मात्र फार धरू नका.

जनावरं हेच मुख्य कारण असेल तर फेब्रुवारी ते मार्चचा मध्य. वनखातं जानेवारीपासून टप्प्याटप्प्याने गवत जाळतं. मग कोवळे फुटवे येतात आणि लांबपर्यंत नजर जाते. आसामी फाल्गुनातल्या पहिल्या बुधवारी इथल्या मिसिंग या आदिवासी जमातीचा आली-आये-लिगांग हा पेरणीचा सण असतो, तोही याच दिवसांत साधू शकतो. इथली किंमत म्हणजे नदी या काळात सर्वांत उथळ असते, त्यामुळे जहाजाचा मार्ग ऐनवेळी बदलण्याची शक्यता जास्त.

डिसेंबर-जानेवारीत पक्षी भरपूर, थंडी छान, पण सकाळी धुकं. धुक्यात विमानं उशिरा उतरतात, फेरीबोटी थांबतात आणि जहाजही किनाऱ्याला बांधून बसतं. या महिन्यांत जाताना परतीचं विमान सहलीच्या शेवटच्याच दिवशी ठेवू नका, एक रात्र गुवाहाटी किंवा जोरहाटला राखून ठेवा. एप्रिलच्या मध्यावर रंगाली बिहू असतो. आसामी माणसाला तो जगात सर्वांत प्रिय, पण वळवाची वादळंही तेव्हाच सुरू होतात.

जहाज घ्यावं की जमिनीवरून फिरावं

दोन्ही रीतींनी ही सहल उत्तम होते, पण दोन्हींत मिळतं ते वेगळं.

जहाजात बॅग एकदाच उघडायची असते. ज्येष्ठांना याचं मोल फार, कारण आसामातला रस्त्याचा प्रवास लांबलचक आहे. गुवाहाटीहून काझीरंगाचं कोहोरा सव्वादोनशे किलोमीटरच्या आसपास, साडेचार-पाच तास. तिथून जोरहाट आणखी दोन तास. जहाजात हे अंतर डेकवर चहा पीत कापलं जातं आणि नदीतल्या वाळूच्या बेटांवर, म्हणजे चापोऱ्यांवर, जिथे हॉटेल असण्याचा प्रश्नच नाही अशा जागी मुक्काम होतो. पाण्यात गंगेचे डॉल्फिन दिसतात. पाठ वर येते, दिसली म्हणेपर्यंत गेलेली असते. फोटोच्या मागे लागलात तर पाहायचंही राहील.

जहाजात कमी पडते ती सफारी. बहुतेक क्रूझमध्ये काझीरंगाच्या वाट्याला एखादा दिवस येतो. तुम्ही ताडोबा, पेंच किंवा रणथंबोरला जाणारे असाल तर एका दिवसात समाधान होणार नाही. मग एक तर पूर्ण सहल जमिनीवरून करा किंवा क्रूझ संपल्यावर काझीरंगाला दोन-तीन रात्री वेगळ्या जोडा. माझं मत विचाराल तर पहिल्यांदा जाणाऱ्याने जोडूनच घ्यावं. एवढ्या लांब जाऊन, एवढे पैसे भरून एका सफारीवर भागवण्यात अर्थ नाही.

जमिनीवरून जाणार असाल तर ढोबळ आखणी अशी : गुवाहाटीत एक रात्र. मग नदी ओलांडून तेजपूरजवळ बालिपाऱ्याच्या बाजूला दोन रात्री, तिथे आदाबारी चहामळ्यातला जुना इंग्रजी बंगला ‘वाइल्ड महसीर’ या नावाने पाहुण्यांना खुला आहे. काझीरंगात तीन रात्री. जोरहाटच्या चहामळ्यातल्या बंगल्यात दोन आणि त्यातूनच माजुली. परतीचं विमान जोरहाटहून. मागे वळून गुवाहाटीला गाडीने येण्याचा वेडेपणा अनेक टूरवाले करायला लावतात, तो करू नका. जोरहाटचं तिकीट थोडं महाग पडतं आणि बऱ्याचदा विमान बदलावं लागतं, पण गाडीतला आख्खा दिवस वाचतो.

जहाज निवडताना काय विचारायचं

‘महाबाहू’ हे इथलं मोठं नाव. तेवीस केबिन, पोहायला छोटासा तलाव, स्पा. त्याआधीपासून चालणारी ‘चराइदेव’सारखी जहाजं लहान आणि साधी, लाकूड-वेताच्या सजावटीची. आसाम बेंगाल नॅव्हिगेशनने २००३ मध्ये या नदीवर लांबच्या क्रूझ सुरू केल्या, ती जहाजं त्यांचीच. ‘गंगा विलास’मध्ये अठरा सुइट आणि छत्तीस प्रवासी, पण तो प्रवास बहुतांशी गंगेचा आहे. तुम्हाला आसामच पाहायचा असेल तर त्याच्या नावावर भुलू नका. वायकिंगचं नवं जहाज येईल तेव्हा येईल. त्या कंपनीचा गिऱ्हाईक प्रामुख्याने अमेरिका-ब्रिटनमधला, त्यामुळे तिकडच्या मराठी मंडळींना ते तिकडूनच आरक्षित करणं सोयीचं जाईल.

जहाजाचे फोटो सगळ्यांचेच सुंदर असतात. फोन करा आणि पुढच्या गोष्टी विचारा.

पहिली गोष्ट, तुमच्या तारखेला जहाजावर चढायचं कुठल्या घाटावर? माहितीपत्रकावर गुवाहाटीचा पांडू घाट असतो, पण पाणी कमी असलं की तेजपूर किंवा सिलघाटला बोलावतात. म्हणजे विमानातून उतरून चार-साडेचार तास गाडी. आई-वडील बरोबर असतील तर हे आधी कळायला हवं. गाडी कंपनीची की तुमची, वाटेत जेवणाचं काय, हेही त्याच फोनवर विचारून घ्या.

दुसरी, वरच्या दिशेने जाणारी फेरी की खालच्या? जोरहाटकडून गुवाहाटीकडे येताना जहाज प्रवाहाबरोबर असतं, अंतर लवकर कापतं आणि किनाऱ्यावर उतरायला वेळ जास्त मिळतो. गुवाहाटीकडून वर जाताना पाण्याशी झगडत जावं लागतं, डेकवरचे तास वाढतात. ज्याला निवांत बसायचंय त्याने वर जावं, ज्याला पाहायचंय त्याने खाली यावं. तेच जहाज, तेच पैसे, पण सहल वेगळी होते.

तिसरी, केबिन कुठे आहे? ही जहाजं फक्त दिवसा चालतात. रात्री वाळूच्या काठाला बांधलेली असतात, त्यामुळे मुख्य इंजिनाचा आवाज झोपेत येत नाही. जनरेटर मात्र रात्रभर चालतो. तो कुठल्या बाजूला आहे ते विचारा आणि त्यापासून लांबची केबिन मागा. सर्वांत खालच्या डेकवरच्या केबिनला पाणी हाताला लागेल असं वाटतं, पण खिडक्या लहान असतात. बाल्कनीसाठी जादा पैसे द्यावे का? माझ्या मते नाही. दिवसभर सगळे वरच्या मोकळ्या डेकवरच असतात आणि संध्याकाळी दिव्यांवर किडे येतात म्हणून बाल्कनीचं दार बंदच ठेवावं लागतं. तेच पैसे काझीरंगाच्या एका जादा रात्रीला लावा. याला अपवाद गुडघेदुखीवाल्यांचा. जिने चढणं जमत नसेल तर बाल्कनीची, जेवणाच्या हॉलच्याच डेकवरची केबिन घ्या. लिफ्ट आहे का, हेही विचारायला लाजू नका.

चौथी, पाणी अडलं तर काय? हा प्रश्न टाळला जातो. ब्रह्मपुत्रा दरवर्षी वाट बदलते. गेल्या हंगामात जिथून जहाज गेलं तिथे यंदा वाळूचा डोंगर असू शकतो. १९८८ पासून सादिया ते धुबरी हा ८९१ किलोमीटरचा पट्टा राष्ट्रीय जलमार्ग क्रमांक दोन आहे. जलमार्ग प्राधिकरण बांबूचे तट्टे रोवून पाणी एका वाटेला लावतं आणि खुणा ठोकतं, तरी दर आठवड्याला हिशेब नवा. जहाजाच्या नाकावर उभा असलेला खलाशी रंगाचे पट्टे मारलेला लांब बांबू पाण्यात खुपसतो, वर ओढतो, खोली ओरडून सांगतो आणि वरून सारंग अंदाज घेत वेग कमी-जास्त करतो. कधी बांबू जेमतेम कमरेइतका भिजून वर येतो. मग इंजिन थांबतं, जहाज हळूच मागे सरकतं, दुसरी वाट शोधली जाते. संध्याकाळी सरळ वाळूत नाक खुपसून थांबायचं. दोघे-चौघे खाली उड्या टाकतात, लोखंडी पहारी ठोकतात, दोर आवळतात, फळी लावतात, झाला धक्का तयार. हे बघत बसणं हा या क्रूझमधला माझ्या लेखी सर्वांत सरस कार्यक्रम आहे. सांगायचा मुद्दा, उशीर होणारच. एखादं ठिकाण गळालं तर बदली काय, पैसे परत मिळतात का, जहाज पुढे जाऊच शकलं नाही तर रस्त्याने नेणार का, याची उत्तरं ईमेलवर लेखी घ्या. ‘गंगा विलास’ पहिल्याच सफरीत बिहारमध्ये छपऱ्याजवळ रुतल्याच्या बातम्या आल्या होत्या. प्राधिकरणाने इन्कार केला, पण पाणी उथळ असल्याने प्रवाशांना लहान बोटींनी काठावर नेल्याचं त्यांनीही सांगितलं. मोठ्या नावाच्या जहाजालाही नदी सूट देत नाही.

पाचवी, पैशांत काय काय येतं? उद्यानाचं शुल्क, जिप्सी, कॅमेऱ्याचं शुल्क, विमानतळावरून ने-आण, पिण्याचं पाणी, टिप्स. आणि जिप्सीत किती जण बसवणार? सहा जण कोंबले तर मधल्याला डोक्यांशिवाय काही दिसत नाही. चारच्या वर नको असं सांगा, फरक पडत असेल तर द्या.

काझीरंगा : कुठल्या भागात, कुठल्या वेळी

१९०५ मध्ये राखीव वनाचा पहिला प्रस्ताव आला तेव्हा इथे गेंडे अगदी मोजके उरले होते. २०२२ च्या गणनेत २,६१३ निघाले. एकशिंगी गेंड्यांची जगातली सर्वांत मोठी वस्ती ही. १९८५ पासून जागतिक वारसा. आपल्याला वाघासाठी तीन-तीन सफारी उपाशी राहायची सवय असते, त्यामुळे पहिल्या दहा मिनिटांत रस्त्याकडेला चरणारा गेंडा बघून माणूस जरा गोंधळतोच.

उद्यानाचे पर्यटकांसाठी चार भाग आहेत. कोहोरा मधला, सगळ्यांत गजबजलेला. बागोरी पश्चिमेला, गेंडे आणि रानम्हशी इथे सर्वांत जवळून दिसतात, पहिल्या सफारीला हाच घ्यावा. अगरातोली पूर्वेला, मोठाले बील म्हणजे तळी, पाणपक्षी, आणि गर्दी बरीच कमी. पक्ष्यांची आवड असेल तर निम्मा वेळ इथेच द्या. बुरापहाड हा चौथा, डोंगराळ, जनावरं कमी दिसतात. तीन सफारी हाताशी असतील तर बागोरी, अगरातोली आणि पुन्हा अगरातोली, अशी माझी विभागणी. एजंट सवयीने कोहोराच्याच दोन लावून देतात, कारण हॉटेलं तिथे आहेत. आरक्षणाच्या वेळीच भागाचं नाव घेऊन सांगा.

वेळेचं एक लक्षात ठेवा. आसाम पूर्वेला आहे पण घड्याळ आपलंच चालतं. हिवाळ्यात साडेचारला अंधारायला लागतं. चहामळ्यांमध्ये अजूनही घड्याळ तासभर पुढे ठेवून ‘बागान टाइम’ पाळतात. म्हणून दुपारची सफारी दीडच्या सुमाराला सुरू होते आणि तिच्यासाठी जेवण साडेबाराला उरकावं लागतं. आपल्या मंडळींची एक वाजता कुठे भूक चाळवते, तोवर जिप्सी फाटकापाशी उभी असते. उशीर झाला तर वेळ तुमचाच जातो, फाटक संध्याकाळी ठरल्या वेळी बंद होतं.

हत्तीवरची सफारी कोहोरा आणि बागोरीत पहाटे असते. उंच गवतात गेंड्याच्या अगदी जवळ जाता येतं हे खरं, पण हत्तीच्या पाठीवर हौदा बांधून माणसं वाहून न्यायला माझा विरोध आहे आणि जिप्सीतून दिसतं ते पुरेसं आहे. ज्याने त्याने ठरवावं.

राहायला : डिफ्लू रिव्हर लॉज हे नाव जुनं आणि भरवशाचं. डिफ्लू नदीच्या काठावर बांबूच्या कुट्या आहेत, पलीकडचा काठ म्हणजे उद्यानच. २०१६ मध्ये ब्रिटनचे राजपुत्र विल्यम आणि केट इथेच उतरले होते. कोहोरा परिसरात मोठी रिसॉर्ट बरीच झाली आहेत, तलाव, हॉल, लग्नाचे कार्यक्रम सगळं असलेली. शांतता हवी असेल तर आरक्षणाआधी फोन करून सरळ विचारा : त्या तारखेला लग्न किंवा कंपनीची बैठक आहे का? डीजेचा आवाज गेंड्यालाही नको असतो.

आणि रिसॉर्टपेक्षा माणूस महत्त्वाचा. स्वतःचा निसर्गतज्ज्ञ असलेलं ठिकाण घ्या. जिप्सीचालक गेंडा दाखवतो, पण पाणथळीतली बारशिंगी हरणं, रानम्हशीची शिंगं पाळीव म्हशीहून कशी वेगळी, गवतातला बंगाल फ्लोरिकन, हे दाखवायला जाणकार लागतो.

एक जोड सुचवतो. जोरहाटजवळ मरियानीला होलोंगापार गिबन अभयारण्य आहे, जेमतेम २१ चौरस किलोमीटरचं. भारतातला एकमेव एप (बिनशेपटीचा कपी), हुलॉक गिबन, इथे हमखास ऐकू येतो आणि बहुतेकदा दिसतो. पायी फिरायचं असतं, बरोबर वनरक्षक असतो. सकाळी लवकर पोचा. गिबनचं ओरडणं दहा वाजेपर्यंत, मग ते शेंड्यावर गप्प बसतात. जंगलाच्या मधून रेल्वेमार्ग गेलाय आणि त्यामुळे गिबनांचे कळप दोन बाजूंना तुटले आहेत, कारण हा प्राणी जमिनीवर उतरत नाही.

माजुली : इथे पंचतारांकित काही नाही

हे आधी पचवा. माजुलीत बांबूच्या कुट्या, मिसिंग पद्धतीची खांबांवर उभारलेली चांग घरं आणि घरगुती मुक्काम आहेत. स्वच्छ, प्रेमळ आणि साधे. गरम पाणी बादलीत येईल. ज्याला रोजची खोली हॉटेलच्याच तोलाची लागते त्याने जहाजावर किंवा जोरहाटच्या बंगल्यात राहून दिवसाची फेरी करावी. बाकीच्यांनी एक रात्र तरी राहावंच, कारण सत्रांमधली संध्याकाळ दिवसाच्या फेरीत हुकते.

सत्र म्हणजे श्रीमंत शंकरदेवांच्या वैष्णव परंपरेतले मठ. शंकरदेव १४४९ ते १५६८ मधले, म्हणजे त्यांच्या उत्तरायुष्यात आपले एकनाथ महाराज तरुण होते. नामघरात, म्हणजे प्रार्थनेच्या सभागृहात, मूर्तीऐवजी आसनावर पोथी असते आणि भजन चालतं ते खोल या मृदंगासारख्या वाद्यावर आणि टाळांवर. वारकरी घरातल्या माणसाला इथे परकं वाटत नाही. पाठ असलेला अभंग तोंडात येतो आणि भाषा तेवढी वेगळी असते. प्रसादाला भिजवलेले मूग-हरभरे आणि आलं. पादत्राणं बाहेर, आतल्या मणिकूटात म्हणजे गाभाऱ्यात जायचं नाही, फोटो विचारून.

सगळी सत्रं पाहायचा हट्ट धरू नका, तीन पुरेत. औनियाटीचं संग्रहालय बघा. उत्तर कमलाबारीत सत्रीय नृत्य बघा, ते करणारे तिथलेच भक्त असतात. २००० साली संगीत नाटक अकादमीने ते शास्त्रीय नृत्यांत घेतलं. आणि सामगुरी सत्रात पूर्ण सकाळ घाला. तिथे मुखवटे बनतात. बांबूच्या पातळ कामट्या भिजवून चेहऱ्याचा सांगाडा विणतात, त्यावर चिकणमातीत बुडवलेलं कापड चढवतात, ते वाळलं की शेण-मातीच्या लगद्याने नाक, भुवया, गाल उठवतात, बांबूच्याच पट्टीने गुळगुळीत करतात आणि मग हिंगूळ-हरताळाचे रंग. शेण का, तर वाळल्यावर वजन कमी राहतं आणि तडा जात नाही. हलता जबडा असलेला मुखवटा घालून कारागीर समोर पुतना किंवा नरसिंह उभा करतो तेव्हा लहान मुलं आईच्या मागे दडतात. जव्हार-मोखाड्याचा बोहाडा पाहिला असेल तर दोन्हीकडचे मुखवटे मनातल्या मनात शेजारी ठेवून बघा. २०२४ मध्ये माजुलीच्या मुखवट्यांना भौगोलिक मानांकन मिळालं. इथले हेमचंद्र गोस्वामी यांना त्याआधी २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली होती. विकत घ्यायचा तर इथेच घ्या, गुवाहाटीच्या दुकानात नाही, आणि घासाघीस करू नका. हातात नेता येईल एवढाच घ्या, सामानात टाकला तर घरी बांबू आणि चुरा निघेल.

जहाजाने आलात तर बेटावर उतरायची सोय कंपनी करते. स्वतंत्र जाणाऱ्यांसाठी : जोरहाटहून निमाती घाट चौदा किलोमीटर, तिथून कमलाबारी घाटाची फेरी. पाण्यानुसार तासभर ते दीड तास. पुलाचं काम बरीच वर्षं रेंगाळलंय. सप्टेंबर २०२१ मध्ये निमाती घाटाजवळ अपघात झाला, त्यानंतर एका इंजिनाच्या खासगी बोटींवर बंदी आली. सरकारी फेरीने किंवा रो-रोने जा, जाकीट अंगावर चढवा आणि शेवटची फेरी चारच्या आतच असते हे विसरू नका. गाडी फेरीवर चढवता येते, जागा आधी सांगून ठेवावी लागते. गाडी चढवण्यापेक्षा बेटावर स्थानिक गाडी ठरवणं सोपं. एटीएम आहेत, पण रोख बरोबर असलेली बरी.

दोन टोकांचे दिवस

गुवाहाटीत बहुतेकांना कामाख्या करायचं असतं. क्रूझच्या कार्यक्रमात ते असेलच असं नाही, म्हणून एक सकाळ वेगळी ठेवा आणि रांग मोठी असते हे धरून चला. नदीपात्रात आहोमांचे सेनापती लाचित बडफुकन यांचं शिल्प आहे. १६७१ च्या सराईघाटच्या लढाईत त्यांनी ज्या मोगली फौजेला हरवलं तिचा सेनापती रामसिंह, म्हणजे मिर्झाराजे जयसिंहांचा मुलगा, आग्र्यात महाराजांसाठी जामीन राहिलेला तोच. महाराज निसटल्यावर त्याच्यावर औरंगजेबाची खप्पामर्जी झाली आणि पुढे त्याला आसामच्या मोहिमेवर धाडलं.  गाइड हे सांगेलच असं नाही, मुलांना तुम्हीच सांगा.

जोरहाटकडे चहा. टोकलाईचं चहा संशोधन केंद्र १९११ पासूनचं. चहामळ्यातल्या बंगल्यात दोन रात्री काढल्या तर कारखाना बघायला मिळतो, पण हिवाळ्याच्या ऐन मध्यावर तोडणी बंद असते आणि यंत्रं झाकलेली असतात. चहासाठीच जाणार असाल तर नोव्हेंबरचा पूर्वार्ध किंवा मार्चअखेर. जोरहाटहून शिवसागर आणि चराइदेव एका लांबलचक दिवसात होतं. रंगघर आणि तलातल घर ही दोन तरी बघाच.

पैसे आणि आरक्षण

क्रूझचे दर जवळजवळ नेहमी माणशी, दोघांनी एक केबिन घेतली असं धरून सांगितलेले असतात. एकटे जाणार असाल तर जादा आकार लागतो, तो किती ते आधी विचारा. भारतीयांसाठी वेगळा दर आहे का, हाही प्रश्न विचाराच. माहितीपत्रकात डॉलरमधला दर छापलेला असतो आणि मागितल्याशिवाय रुपयातला पुढे येत नाही. हॉटेलच्या खोलीचा दर रात्री साडेसात हजारांच्या वर गेला की १८ टक्के जीएसटी लागतो. तो धरलाय की नाही, हे दोन ठिकाणांची तुलना करण्यापूर्वी बघा.

दहा-बारा कुटुंबं मिळून जाणार असाल तर लहान जहाज आख्खंच ठरवा. जेवण आपल्या पद्धतीचं, वेळा आपल्या आणि काझीरंगाला जादा दिवस, हे सगळं मग बोलून करता येतं. एरवीही शाकाहारी असल्याचं आरक्षणातच कळवा. शाकाहारी मिळतं, पण आधी सांगितलं तर जोहा तांदळाचा भात, औटेंगा या आंबट फळाची आमटी, खार (केळीच्या राखेच्या पाण्यात शिजवलेली भाजी) असं आसामी शाकाहारी करून घालतात. न सांगितलं तर पनीर येतं.

नाताळ आणि रासाच्या दिवसांसाठी सहा महिने आधी हालचाल करा. क्रम असा ठेवा : आधी जहाज किंवा काझीरंगाचा लॉज, मग माजुली, मग विमान. उलटं केलंत तर विमानाच्या तारखा हातात आणि जहाज दुसऱ्याच दिवशी सुटणारं, अशी गत होते. मुंबई-गुवाहाटी थेट विमान तीन-साडेतीन तासांचं आहे. आसामला इनर लाइन परमिट लागत नाही. त्याच सहलीत अरुणाचल किंवा नागालँड जोडलात तर लागतं. परदेशी पासपोर्टवर येणाऱ्या नातेवाइकांना उद्यानाचं शुल्क बरंच जास्त पडतं, ते अंदाजपत्रकात धरा.

बॅगेत

थंडीत पहाटेची उघडी जिप्सी चांगलीच झोंबते. कानटोपी, जाड जाकीट, हातमोजे. आठ बाय बेचाळीसची दुर्बीण माणशी एक, दोघांत एक नको, भांडणं होतात. जहाजातून वाळूवर उतरायला जुन्या सँडल. संध्याकाळसाठी डासांचं मलम आणि लांब बाह्या. हिवतापाबद्दल निघण्याआधी डॉक्टरांशी बोलून घ्या. नेहमीच्या गोळ्या ठरल्या दिवसांपेक्षा चार दिवस जास्तीच्या. नदीत असताना मोबाइलला रेंज तासन्‌तास नसते आणि मोठं रुग्णालय म्हणजे जोरहाट, तेजपूर किंवा गुवाहाटी. हृदयविकार किंवा दम्याचा त्रास असलेलं कुणी बरोबर असेल तर जहाजावर ऑक्सिजन आहे का आणि रात्री-अपरात्री काठावर न्यायला वेगळी मोटरबोट आहे का, हे पैसे भरण्यापूर्वी विचारा. उत्तर ‘बघू, करू’ असं आलं तर दुसरं जहाज बघा.